खाटेवर बसलेला साक्षीदार

फैजपूर, २० डिसेंबर २०२४

ज्ञानचंदशेठ यांना तोताराम फिरकेचा जय जिनेंद्र.

अक्षर ओळखलंच असेल. बावीस वर्षांनी दिसतंय म्हणून लगेच फाडू नका. आधी वाचा, मग खुशाल फाडा. तुमच्या दुकानाच्या नंबरवर चार दिवस फोन लावतोय. 'फिरके' म्हटलं की पलीकडून ठेवून देतात. एका अर्थी बरंच झालं. फोनवर माझा आवाज चढतो, हे तुम्हाला नवीन नाही.

मुद्द्यावर येतो. तुमचा नातू श्रेयांस आणि माझा नातू जितेंद्र जळगावच्या एकाच कॉलेजात आहेत, एकाच वसतिगृहात. तुमचा पहिल्या वर्षाला, माझा शेवटच्या. गेल्या रविवारी मोठ्या पोरांनी नव्या पोरांना आमच्या मळ्यात भरीत पार्टीला आणलं. आठ जुनी, सहा नवी. थंडीच्या दिवसांत भरीत पार्टी झाली नाही असा एक मळा मला या तालुक्यात दाखवा. पार्टीत थोडी थट्टामस्करी झाली. तर तुमच्या नातवाने थेट रॅगिंगच्या हेल्पलाइनला फोन केला आणि पहिलं नाव दिलं जितेंद्रचं.

कॉलेजने त्याला वसतिगृहातून काढून घरी बसवलंय. सात जानेवारीला कमिटी बसणार आहे. तिथं दोषी ठरला तर कॉलेज संपलं, पुढं पोलीस केस, आणि कोर्टातही तेच ठरलं तर पाच वर्षं कुठं प्रवेश नाही. चार महिन्यांवर त्याची शेवटची परीक्षा आली आहे, शेठ. जितेंद्रचा बाप, माझा मगन, गेल्यापासून या घरात उभं राहणारं तेवढं एकच पोर आहे.

मी काही त्या दिवशी मळ्यात नव्हतो. सकाळी बामणोदची वांगी उतरवून दिली, भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग दाखवला आणि घरी आलो. तो मुलगा तुमचा, हेही मला मागाहून कळलं. खोटं कशाला बोलू? पण पोरांना खोदून खोदून विचारलं. जितेंद्र म्हणतो, 'आबा, नुसता इंट्रो घेतला, जरा पाण्यात उभं केलं, बस.' बाकीच्या पाच नव्या पोरांनी तर लिहून दिलंय की काही झालं नाही, मजा आली. मग पाचही पोरं खोटी आणि तुमचा एकटा खरा, असं कसं?

उगाच राईचा पर्वत करू नका. तक्रार मागे घ्यायला सांगा. जितेंद्रला घेऊन मी स्वतः धुळ्याला येतो, तो तुमच्या पायावर डोकं ठेवेल. माझ्यावरचा राग पोरावर काढू नका, एवढंच मागणं आहे.

तोताराम


फैजपूर, २४ डिसेंबर

ज्ञानचंदशेठ,

पत्र पोचल्याचं टपाल कचेरीतून कळलं. सही चंदनबाई वहिनींची आहे म्हणे. उत्तर काही आलं नाही.

काल पितांबर आला होता. हा वसतिगृहाच्या मेसचा स्वयंपाकी, तुमच्या शिंदखेड्याकडचा. त्या दिवशी भरीत करायला पोरांनी त्यालाच आणलं होतं. विसरलेली परात न्यायला आला आणि दारातच म्हणाला, 'पोऱ्या दवाखानामा शे, आबा. न्यूमोनिया व्हयना.' मी विचारलं, कोणता पोऱ्या? तर माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मीच वेडा आहे.

देवाशपथ सांगतो, दवाखान्याचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर पहिलं पत्र असं लिहिलं नसतं.

आता लिहितोच आहे तर एक दुरुस्ती करतो. मळ्यात मी नव्हतो असं लिहिलं होतं. होतो. पण पार पलीकडच्या कडेला, ड्रिपची नळी फुटली होती तिथं. इंट्रो म्हणजे काय ते लांबून पाहिलं. नव्या पोराने मान खाली घालायची, नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची आणि नाव, गाव, बापाचं, आजाचं नाव सांगायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मग शर्ट काढून हौदात उभं केलं. गुडघाभर पाणी असेल. सगळ्यांना केलं, एकट्या श्रेयांसला नाही.

त्याला खायला लावल्याचं म्हणाल, तर तो आमच्याकडचा आग्रह. तुम्ही फैजपुरात तीस वर्षं दुकान केलंत, तुम्हाला काय सांगायचं? आमच्यात पाहुणा तीनदा नाही म्हणतो आणि चौथ्यांदा खातो. नाही म्हणाला आणि यजमान गप्प बसला तर उद्या गावभर चर्चा, की फिरक्यांनी साधं विचारलंसुद्धा नाही. पोरांना वाटलं हाही तसाच लाजतोय. तुमच्या घरात 'नाही' म्हणजे नाही, दिवस मावळला की पाण्याचा थेंबसुद्धा नाही, हे आमच्या लोकांच्या डोक्यात लवकर शिरत नाही. माझ्याच शिरलं नव्हतं. मगनच्या लग्नात वरात लांबली, पंगत बसेपर्यंत दिवस गेला, आणि तुम्ही पाण्याचा पेला बाजूला सारून, हात जोडून, माझ्या अख्ख्या भावकीसमोर उठून गेलात. मी त्या दिवशी किती आग्रह केला होता. लोक आजही आठवण काढतात.

ते जाऊ द्या. पितांबरला म्हटलं, तू कमिटीपुढं का नाही बोलत? म्हणाला, 'बठ्ठासले माहीत शे, आबा. पन बोलनार कोन?' ठाऊक सगळ्यांनाच आहे, पण बोलला तर त्याचं मेसचं काम जाईल, खरं आहे त्याचं.

श्रेयांसचा ताप कसा आहे, तेवढं कुणाकडून तरी कळवा. तक्रारीचं नंतर बघू.

तोताराम


फैजपूर, ३० डिसेंबर

ज्ञानचंद,

शेठ-बिठ सोडतो आता. काल मी तुझ्या दारात येऊन गेलो.

रविवार, दुकान बंद. विचारत विचारत घरापर्यंत आलो. वर गॅलरीत तू पाठमोरा बसला होतास. मान अजून तशीच ताठ. खाली एक मुलगी स्कूटर पुसत होती. मी म्हटलं, फैजपूरचा केळीवाला आहे, शेठची जुनी ओळख आहे. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. चेलना नाव म्हणाली, श्रेयांसची मोठी बहीण. तुझ्या घरात माझं नाव काय म्हणून घेतात ते माहीत नाही, म्हणून मी सांगितलंच नाही.

विचारलं, भाऊ कसा आहे? म्हणाली, 'ताप गेला, पण जेवत नाही, आजोबा. दिवसासुद्धा दोन घास खातो आणि उठतो. म्हणतो, मला कुणी धरून भरवलं नाही, मीच हात पुढे केला, म्हणजे माझंच चुकलं. दादाजी म्हणतात, अरे, बळजबरीने मोडलेलं व्रत मोडलेलं नसतं, आपल्या मुनी महाराजसाहेबांना विचारू. पण तो ऐकतच नाही.'

मग स्कूटर पुसायचं थांबवून म्हणाली, 'सात तारखेला कमिटी आहे. कॉलेज म्हणतं साक्षीदार आणा. त्याच्याबरोबरची पाचही मुलं फिरली. वसतिगृहातच राहायचंय ना त्यांना. साक्षीदार नसला तर फाइल बंद, आणि हा खोटारडा ठरेल. खोटारडा म्हणून मी परत जाणार नाही म्हणतो. कॉलेज सोडायचा अर्ज लिहून ठेवलाय त्याने.'

पेला तसाच ठेवून उठलो. ती म्हणत होती, थांबा, दादाजींना हाक मारते. मी म्हटलं, नको बाई, गाडी चुकेल. कसली गाडी? दीड तास स्टँडवर बसून होतो.

एक गोष्ट तिच्याकडून कळली. फैजपूरची पत्रं येतात, दादाजी वाचतात आणि कपाटात ठेवतात, असं ती म्हणाली. म्हणजे फाडत नाहीस. मग इथून पुढं तरी नीट लिहिलं पाहिजे.

हौदात पाणी गुडघाभर नव्हतं. कमरेच्या वर होतं. आणि बाकीच्या पाच पोरांना दहा मिनिटांत बाहेर काढलं. तुझा तासाच्या वर उभा होता.

तुला वाटेल, ड्रिपच्या नळीपासून याला एवढं कसं दिसलं? तेच सांगायला बसलो होतो. पण आज एवढंच जमतंय.

तोताराम


फैजपूर, ४ जानेवारी २०२५

ज्ञानचंद,

मी हौदापासून दहा पावलांवर होतो. खाटेवर. पोरांनी मला पाहुण्यासारखं मधोमध बसवलं होतं.

आणि श्रेयांस तुझा नातू, हे मला तो मळ्यात आल्या आल्या माहीत झालं होतं. सगळी पोरं मोबाईल घेऊन केळीत पांगली, हा एकटा सरळ माझ्याकडं आला, पाया पडला आणि म्हणाला, 'आबा, मी ज्ञानचंदशेठचा नातू. दादाजी तुमच्याबद्दल खूप सांगतात. तुम्ही त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर कच्च्या केळ्याचं भरीत करायचात ना, दिवस असताना?' केवढ्या आनंदाने सांगत होता. तुझ्यासारखेच पुढे आलेले कान. मला गलबलून आलं होतं, खरंच आलं होतं. पण पुढच्या क्षणी मगनच्या लग्नातला तो पेला डोळ्यांसमोर आला. माझं हे असं आहे, ज्ञानचंद. चांगलं तीस वर्षांचं विसरतो आणि वाईट तीस सेकंदांचं जपून ठेवतो.

मी जितेंद्रला बाजूला बोलावलं. म्हटलं, 'हा त्या शेठचा नातू, ज्याने तुझ्या मायबापाच्या लग्नात पाणी पिलं नाही. बघू, आज तरी आपल्या मळ्यातलं खातो का.' हसत हसत म्हटलं. पण म्हटलं.

पुढचं तुला श्रेयांसने सांगितलं असेल, नसेल तर मी सांगतो. भरीत दिवस असतानाच तयार होतं. पोरांनी मुद्दाम थांबवलं. दिवस मावळला तशी केळीच्या पानावर वाढलं, लसूण-कांद्याच्या पातीसकट, आणि जितेंद्र हौदाच्या काठावर बसून म्हणाला, 'खाल्लं की बाहेर.' श्रेयांस थरथरत हात जोडून म्हणत होता, 'दादा, उद्या सकाळी खातो. तुम्ही म्हणाल तेवढं खातो. आत्ता नको.' पोरं हसली. मग त्याने माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, 'आबा, तुम्हाला माहितीये ना. सांगा ना यांना.'

मी मान फिरवली. पलीकडं केळीचे घड लोंबत होते, ते बघत बसलो.

शेवटी त्याने हात पुढे केला. मला त्या वेळी बरं वाटलं, ज्ञानचंद. हे लिहिताना माझी मलाच किळस येतेय, पण बरं वाटलं.

आता इथली परिस्थिती ऐक. जितेंद्रने कमिटीला साक्षीदार म्हणून माझंच नाव दिलंय. मळ्याचा मालक, वयस्कर माणूस, पूर्ण वेळ हजर. मी जायचं आणि सांगायचं की काही झालं नाही. माझ्या एका वाक्यावर आठही पोरं सुटतात. सुनंदा, माझी सून, तीन दिवस माझ्या मागं आहे. काल चहा ठेवता ठेवता रडायला लागली. 'आबा, त्याचा बाप नाही. तुम्हीच त्याले बुडवाल काय?' वाईट पोर नाही तो. माझ्या बायकोच्या शेवटच्या आजारपणात तिला उचलून संडासला नेणारा तोच. पहिल्या वर्षाला असताना त्यालाही मोठ्या पोरांनी असंच उभं केलं होतं. घरी येऊन आठ दिवस धड बोलला नव्हता. आम्ही म्हटलं, होईल सवय. आणि झाली की सवय.

दरवर्षी प्रवेशाच्या वेळी कॉलेज एक शपथपत्र लिहून घेतं, पोराचं वेगळं, पालकाचं वेगळं. माझा पाल्य रॅगिंग करणार नाही, केलं तर होणारी कारवाई मला मान्य. चार वर्षं खाली सही माझी आहे. एकदाही वाचलं नाही. परवा कपाटातून काढून वाचलं.

मगन गेला तेव्हा तू आला होतास. दारात उभा होतास, आणि मी उठून आत निघून गेलो होतो. तू तरीही नातवाला माझ्या केळ्याच्या भरिताच्या गोष्टी सांगत राहिलास. म्हणून तो माझ्याकडं असा विश्वासाने आला.

परवा कमिटी आहे असं जितेंद्र म्हणतो, पण त्याचा दिवस चुकतोय, कमिटी मंगळवारी आहे. माझी झोप उडाली तशी त्याचीही उडाली आहे. काय करणार ते माझं मलाच अजून ठरत नाही. तुला खोटं सांगणार नाही.

तोताराम


फैजपूर, ७ जानेवारी

ज्ञानचंद,

आत्ताच जळगावहून आलो. चपला काढल्या आणि लिहायला बसलो. सुनंदा आतल्या खोलीत आहे, दार लावून घेतलंय. चुलीवर काही नाही, आणि मला भूकही नाही.

सकाळी जितेंद्र आणि मी एसटीने गेलो. रस्ताभर तो मला शिकवत होता, काय विचारतील, काय सांगायचं. 'आबा, जास्त बोलू नका. नाही म्हणायचं आणि सही करायची.' मी हो म्हणत होतो. खरं सांगतो, कॉलेजच्या फाटकापर्यंत मी नाहीच म्हणणार होतो.

व्हरांड्यात तुझी चेलना आणि श्रेयांस बसले होते. श्रेयांसने स्वेटर घातलं होतं, त्यात पोर दिसतच नव्हतं. मला पाहून चेलना उठली. ओळखलं तिने, केळीवाला. तिला अजून माझं नाव माहीत नव्हतं, ती खुश झाली की ओळखीचं कुणीतरी आलं. तेवढ्यात शिपायाने पुकारलं, 'तोताराम फिरके, जितेंद्र फिरकेंतर्फे साक्षीदार.' तिचा चेहरा उतरला. श्रेयांसने तर वर पाहिलंही नाही. त्याची नजर स्वतःच्या तिसऱ्या बटणावर होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिथंच होती.

मग माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही.

आत पाच-सहा माणसं होती. एका मॅडमने विचारलं, तुम्ही काय पाहिलं? मी बसलो नाही, उभ्यानेच सांगितलं. हौदातलं पाणी किती, वेळ किती, कुणी काय म्हटलं, पोरगा हात जोडून काय म्हणत होता, सगळं. जितेंद्रचं नाव घेताना अडखळलो, पण घेतलं. जितेंद्रच्या कानात मी काय घातलं तेही सांगितलं. मॅडमनी लिहिता लिहिता पेन थांबवून विचारलं, 'आजोबा, हे तुमच्या स्वतःच्या विरुद्ध जातंय, कळतंय ना?' मी म्हटलं, कळतंय, लिहा. तो मला आबा म्हणून हाक मारत होता आणि मी मान फिरवली, तेही लिहा. त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं. या खेपेला मी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग सही केली.

बाहेर आलो तर बाकीच्या पाचांतली दोन पोरं दारापाशी घुटमळत होती. त्यांनाही आत जायचं होतं. आधी लिहून दिलेलं परत घ्यायचं म्हणत होती. श्रेयांसची फाइल आता बंद होणार नाही. कॉलेज सोडायचा अर्ज त्याला फाडायला सांग, माझं नाव न घेता सांग.

जितेंद्रचं कॉलेज संपलं. कागद आठ दिवसांत येईल, पण मॅडमनी त्याच्यासमोरच सांगितलं. पोलिसांत कळवणं त्यांना भाग आहे म्हणाल्या.

परतीच्या एसटीत तो माझ्या पुढच्या सीटवर बसला. मला वाटलं, आता हा जन्मभर बोलत नाही. भुसावळ मागं पडल्यावर मागं वळला. रागावलेला नव्हता, ज्ञानचंद, तेच मला सहन होत नाही. म्हणाला, 'आबा, तुम्ही तिथं मान फिरवली म्हणून सांगितलं. नव्हती फिरवली. तो हौदात असताना मी दोनदा तुमच्याकडं बघितलं. मले वाटलं, आता आबा पुरे म्हणतील. तुम्ही म्हटलं असतं तर मी त्याले तेव्हाच बाहेर काढलं असतं. पण तुम्ही हसू राह्यले व्हते.'

मी हसत होतो हे मला माहीत नव्हतं. देवाची शपथ घेऊन सांगेन असं आता काही माझ्याकडं उरलेलं नाही, पण खरंच माहीत नव्हतं. मला नुसते केळीचे घड आठवतात.

कमिटीच्या कागदावर मान फिरवली असं लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. ते खोटं आहे. उद्या पहिल्या गाडीने परत जातो आणि ती ओळ बदलून देतो.

तोताराम